भाचीचा धर्मपिता

माझा देवावर विश्वास नाही, आणि ज्यांचा नाही अशा माणसांचा मला राग येतो. ज्यांचा आहे त्यांचाही येतो, पण तो राग लहानपणापासूनचा आहे, त्याची सवय झाली आहे. न मानणाऱ्यांवरचा हा दुसरा राग नव्वदच्या दशकात, माझ्या भाचीच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी सुरू झाला. तेव्हापासून तो कमी झालेला नाही आणि त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःवरच्या रागाचा आहे.

आमचं गाव वसईतलं, पापडीच्या बाजूचं. घरापुढे विहीर, मागे केळी आणि फुलझाडांची वाडी, आणि संध्याकाळी चर्चची घंटा झाली की हातातलं काम टाकून गुडघ्यांवर बसायचं. रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, पूर्ण होईपर्यंत उठायचं नाही. मध्येच कोणी मांडी घातली तर बाबा प्रार्थना न थांबवता फक्त त्याच्याकडे बघत, आणि तेवढं पुरे असे. देव आहे की नाही हा प्रश्न आमच्या घरात कोणाला पडला नाही, कारण तसा प्रश्न असतो हेच कोणाला माहीत नव्हतं. मी अल्तारबॉय होतो, मिस्साच्या म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या वेळी फादरना वेदीजवळ मदत करणारा मुलगा. पांढरा झगा घालून घंटी वाजवायचो आणि त्या घंटीवर अख्खं चर्च गुडघे टेकायचं, याची मला फार मजा वाटायची.

माझी बहीण माझ्यापेक्षा बरीच लहान. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली प्रश्नोत्तरं मी तिच्याकडून पाठ करून घ्यायचो. ती चुकली की मी टपली मारायचो, उत्तरं बरोबर आली की चिंच द्यायचो. दादाला सगळं येतं, असं ती सगळ्यांना सांगायची. तिला देव मीच शिकवला म्हटलं तरी चालेल.

मी मात्र कॉलेजात असताना तो सोडला. लोकांना वाटतं, असा माणूस खूप वाचतो, रात्ररात्र तळमळतो आणि मग निष्कर्षाला येतो. माझं तसं काही झालं नाही. मला गावातून बाहेर पडायचं होतं आणि देव गावातच राहत होता. फादरच्या सायकलीत, बाबांच्या नजरेत, शेजारणींच्या चौकशीत, ‘काल मिस्साला दिसला नाहीस’ या वाक्यात. एक सोडायचं तर सगळंच सोडावं लागणार होतं, आणि ते सोडताना घरची बोलीसुद्धा सोडली. बहीण माझ्याशी आमच्या बोलीत बोलायची आणि मी तिला मुंबईच्या मराठीत उत्तर द्यायचो. 

आई-बाबा पाठोपाठ गेले. बहिणीचं लग्न वसईतच, होळी गावाच्या बाजूला, भाजीचे मळे असलेल्या घरात झालं होतं. मी माझ्या वाट्याची वाडी विकली आणि विरार पूर्वेला फुलपाड्यात फ्लॅट घेतला. मग बहिणीचं माहेर म्हणजे एक दोन खोल्यांचा फ्लॅट आणि त्यात राहणारा मी, एवढंच उरलं.

फुलपाड्याच्या त्या इमारतीत मला माझ्यासारखी माणसं भेटली. कोणी कोकणातला, कोणी देशावरचा, कोणी गिरगावातून आलेला. सगळे नोकरीवाले, सगळे वाचणारे. दर रविवारी सकाळी आम्ही वरच्या मजल्यावरच्या मित्राकडे जमायचो. बरोबर मिस्साच्या वेळेला, ही माझी त्यातली खास गंमत होती. चहा, पोहे, पेपर आणि चर्चा. बुवाबाजी, नवस, अंगात येणं, ग्रहशांती या सगळ्यावर आम्ही तुटून पडायचो. मला तिथे पहिल्यांदा मोकळं वाटलं. मला तिथे मानही होता, कारण माझ्याकडे त्यांना माहीत नसलेला माल होता. मी चर्चचे किस्से सांगायचो. पापनिवेदनाच्या जाळीआड लोकांची पापं ऐकायला बसून दुपारी डुलक्या घेणारे फादर. पोपना शब्दशः देवाचा फोन येतो असं समजणारी माझी आत्या. मी बाबांची नक्कलसुद्धा करायचो, प्रार्थना न थांबवता बघण्याची. त्यावर हमखास हशा यायचा.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. गणपती आले की ते सगळे गावी जायचे. टाळ्या वाजवून आरती म्हणायचे, नैवेद्याच्या मोदकांवर ताव मारायचे आणि परत येऊन म्हणायचे, “आईसाठी रे. संस्कृती म्हणून.” त्यात खोटेपणा नव्हता. आरतीच्या वेळी त्यांना मध्येच थांबवून कोणी विचारत नाही की तू हे मानतोस का. हात जोडले की झालं. आमच्याकडे विचारतात. तोंडावर, सगळ्यांसमोर, मोठ्याने विचारतात आणि मोठ्यानेच उत्तर घेतात. त्यांच्या नास्तिकपणाला कधी ‘नाही’ म्हणायची पाळीच आली नव्हती. मी त्यांचं बघून शिकलो आणि माझ्या बाबतीतही तसंच चालेल असं समजलो.

बहिणीला पहिली मुलगी झाली तेव्हा तिने मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, माझ्या लेकीचा धर्मपिता तू होणार. धर्मपिता म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या वतीने उत्तरं देणारा माणूस. बाळाला बोलता येत नाही म्हणून त्याने बोलायचं, आणि पुढे बाळ श्रद्धेत वाढेल याची हमी घ्यायची. आमच्या घराण्यात पहिल्या मुलाचा धर्मपिता आईकडचा असायचा.

तिच्या सासूला हे मंजूर नव्हतं. लाल लुगडं नेसणारी, सडपातळ, तिखट बाई होती ती. चर्चमध्ये कोण उशिरा आलं, कोण कॉम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठलं नाही, हे तिला मान न वळवता कळायचं. तिने बहिणीला सरळ सांगितलं की जो रविवारी मिस्साला दिसत नाही त्याला वेदीसमोर उभा करून तुला काय मिळणार आहे? तिच्या मते थोरला दीर योग्य होता, रोज सकाळी चर्चला जाणारा. बहिणीचा नवरा दोघींच्या मध्ये गप्प होता. त्या घरात येऊन बहिणीला दोन वर्षंही झाली नव्हती आणि तोवर तिने कशालाच नाही म्हटलं नव्हतं. या एका गोष्टीला म्हटलं. माझा दादा येत नाही, पण त्याला सगळं येतं, वेळ आली की तो बरोबर उभा राहील, असं तिने सासूला सांगितलं. हे मला नंतर मेव्हण्याकडून कळलं. पण ती माझ्यासाठी त्या घरात भांडली आहे आणि माझ्यामुळे तिचा शब्द तिथे उभा राहील किंवा पडेल, एवढं मला तेव्हाही माहीत होतं.

मी तिला विचारलं, “तुला माहीत आहे ना मी मानत नाही?”

ती बाळाला खांद्यावर थोपटत होती. म्हणाली, “मानत नाहीस तर नाही म्हण आत्ताच. मी दिराला सांगते. मला वाईट वाटेल, पण चालेल.”

तेव्हा मला नाही म्हणायची पूर्ण संधी होती. मी हो म्हणालो. मला वाटलं, शब्दच तर आहेत. बहिणीसाठी. संस्कृती म्हणून. उलट मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं की आपण किती मोठ्या मनाचे. फादरनी आई-वडील आणि धर्म-आईबापांना तयारीसाठी बोलावलं तेव्हा त्यांनी मला विचारलं की मिस्साला नियमित जातोस ना. विरारला जातो, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. त्यांचाही मला राग आहे. त्यांनी विचारायला हवं होतं.

बाप्तिस्म्याच्या आदल्या रविवारी मी हे सगळं वरच्या मजल्यावर सांगितलं. तीनदा सैतानाचा त्याग करायचा आणि तीनदा विश्वास धरतो म्हणायचं, हे ऐकून सगळे खूश झाले. मग आम्ही तालीम केली. घरमालक मित्राने गळ्यात टॉवेल टाकला आणि तो फादर झाला. उशीचं बाळ केलं. तांब्यातून तिच्यावर पाणी शिंपडलं. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “तू सैतानाचा त्याग करतोस काय?” मी म्हटलं, “करतो फादर, पण हप्त्याहप्त्याने.” एकजण हसता हसता पोह्यांच्या बशीवर पडला. पुन्हा पुन्हा तीच नक्कल झाली. दर वेळी मी नवीन उत्तर देत होतो. शेवटी त्यातल्या दोघांनी ठरवलं की हा कार्यक्रम प्रत्यक्ष बघायलाच हवा. मी म्हणालो, “या की. जेवणही आहे.”

ते आले. इस्त्रीचे शर्ट घालून, बाळासाठी फ्रॉक घेऊन आले. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले. मी पुढे, बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ होतो. शेजारी धर्मआई, म्हणजे मेव्हण्याची बहीण, बाळाला घेऊन उभी होती. बहीण बाळाच्या पलीकडे. सासू, दीर आणि बाकीची मंडळी गोल करून. फादरनी सुरुवात केली. बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करायला सांगितलं तेव्हा माझा अंगठा आपसूक बरोबर फिरला. ते बघून बहीण हसली. इतकं साधं, समाधानाचं हसू मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मग फादरनी विचारलं, “तुम्ही सैतानाचा त्याग करता काय?”

मागून एक आवाज आला. हसू दाबताना नाकातून निघतो तसा. चर्च जुनं, छत उंच, आतलं शिंकणंसुद्धा घुमतं. तो आवाज वरपर्यंत गेला. आणि माझ्या डोळ्यांसमोर टॉवेल, उशी, पोह्यांची बशी हे सगळं आलं आणि माझे ओठ हलले. मी हसलो. मोठ्याने नाही. तोंडाचा एक कोपरा वर गेला असेल. पण बहीण माझ्याकडेच बघत होती.

फादर थांबले. सगळ्यांना नाही, फक्त मला उद्देशून म्हणाले, “धर्मपिता, तुम्हांला विचारतोय.”

तेव्हा मी गप्प बसू शकलो असतो. ‘फादर, माफ करा, मी नाही’ असं म्हणून बाजूला होऊ शकलो असतो. दीर तिथेच उभा होता. ती लाज एका दिवसाची झाली असती आणि ती माझी एकट्याची राहिली असती. पण मी इतका घाबरलो होतो की मी सगळ्यांत मोठ्या आवाजात उत्तरं द्यायला लागलो. त्याग करतो. त्याग करतो. त्याग करतो. मग पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर. विश्वास धरतो. माझा आवाज अल्तारबॉय असल्यापासून चांगला आहे. आजूबाजूचे लोक माझ्यामागे पुटपुटत होते. सासूच्या चेहऱ्यावर पसंती दिसली. ती शेजारणीला म्हणालीसुद्धा, आवाज बरा आहे. तिने ते हसू पाहिलंच नव्हतं, ती फादरकडे बघत होती.

बाळाच्या डोक्यावर पाणी ओतलं तेव्हा ते रडलं नाही. सगळ्यांना कौतुक वाटलं. मग तेलाने अभिषेक, पांढरं वस्त्र, आणि शेवटी मेणबत्ती. वेदीजवळच्या मोठ्या मेणबत्तीवरून ती धर्मपित्याने पेटवून आणायची आणि बाळाजवळ धरायची. मी पेटवून आणली. परत येऊन उभा राहिलो तशी बहीण बाळाच्या बाजूने फिरून माझ्यासमोर आली. तिने माझ्या हातातून मेणबत्ती घेतली. ओढली नाही, घेतली, जशी एखादी वस्तू चुकीच्या माणसाकडे गेली की परत घेतात. आणि ती दिराच्या हातात दिली.

कोणाला काही कळलं नाही. फादरनी क्षणभर पाहिलं आणि प्रार्थना पुढे चालू केली. पण सासूला कळलं. नेमकं काय झालं ते नाही, पण आपण म्हणत होतो ते खरं होतं आणि सुनेनेच ते सगळ्यांदेखत कबूल केलं, एवढं तिला समजलं. तिने मान ताठ केली. बहिणीने सासूसमोर टाकलेला शब्द स्वतःच्या हाताने मागे घेतला होता.

मळ्यात मांडव घातला होता. मटण, पाव, भात, आणि विरारकडून आणवलेलं कोंबडी-पोह्यांचं भुजिंग. माझे मित्र पोटभर जेवले. एकजण बोटं चाटत म्हणाला, “काय जेवण असतं रे तुमच्या लोकांचं. असं मटण मिळत असेल तर मीसुद्धा डोक्यावर पाणी घेतो.” दुसऱ्याने विचारलं, “पण फादरने तुला परत का विचारलं? सैतान ऐकत नव्हता का?” मी हसलो. होय, तिथेही हसलो. सवय होती. बहीण त्यांना वाढायला आली. त्यांना तिने आग्रह करून दोनदा वाढलं, पाणी आणून दिलं, नावं विचारली. माझ्या पानावर वाढताना काही बोलली नाही. त्यांनी नंतर घरी जाताना सांगितलं की तुझी बहीण फार प्रेमळ आहे.

मी त्यांच्यावर तेव्हा रागावू शकलो नाही. कशाच्या आधारावर रागावणार? ते मीच शिकवलेल्या गोष्टीला हसले होते. पण नंतर, वर्षं गेली तसा तो राग वाढत गेला. त्यांनी कधी काही सोडलं नव्हतं. त्यांचे गणपती, त्यांची गावची घरं, मुलांच्या मुंजी, सगळं जागच्या जागी होतं. त्यांच्या नास्तिकपणाची किंमत त्यांना कोणी मागितली नाही. आणि हळूहळू मला असंही दिसू लागलं की माझ्या किश्श्यांना हसणाऱ्यांत सगळेच नास्तिक नव्हते. काहींना फक्त ख्रिस्ती लोकांची चेष्टा ऐकायला आवडत होती, आणि एक ख्रिस्ती स्वतःच ती करून दाखवत होता म्हणून ती आणखी गोड लागत होती. इमारतीच्या जिन्यात एकदा एकजण मला म्हणाला, “तू बरा आहेस, तुझ्या लोकांसारखा नाहीस.” माझे लोक कसे आहेत हे त्याला मीच सांगितलं होतं. रविवारी वर जाणं मी त्यानंतर बंद केलं. मिस्सालाही गेलो नाही. घरात बसून राहायचो.

बाप्तिस्म्यानंतर बहीण माझ्याकडे आली नाही. मी निरोप पाठवले, तर बाळाला ताप आहे, मळ्यात काम आहे अशी उत्तरं आली. शेवटी पावसाळा सरल्यावर मी स्कूटर काढून होळीला, तिच्या सासरी गेलो. तिच्या घरी तोवर तिचं काय चाललं होतं ते मेव्हण्याने अर्धवट सांगितलं होतं. ती काही बोलायला लागली की सासू म्हणायची, तुझ्या माहेरचा शब्द बघितला आम्ही. थोरल्या दिराला सगळे माझ्या भाचीचा धर्मपिता म्हणू लागले होते.

ती मळ्याच्या कडेला बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, दोरा खांद्यावर टाकलेला. बाळ शेजारी झोळीत. मी समोर उकिडवा बसलो. ती म्हणाली, “कसे आहात?” मला आधी वाटलं, ती दुसऱ्या कोणाशी बोलतेय. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याशी बोली सोडून, पाहुण्याशी बोलावं तशा पुस्तकी मराठीत बोलत होती. मी आमच्या बोलीत उत्तर द्यायचा प्रयत्न केला. शब्द सापडत नव्हते.

मी म्हटलं, माझं चुकलं. मित्रांना बोलवायला नको होतं.

“मित्रांचं काय?” ती म्हणाली. “ते हसले तर हसले. त्यांना काय माहीत. तू हसलास.”

“हसू आलं. आपोआप आलं.”

“मी विचारलं होतं तुला. मानत नाहीस तर नाही म्हण, असं म्हटलं होतं. न मानणाऱ्यांवर माझा राग नाही दादा. पण तू मला काय समजलास? अडाणी आहे, खूश करू तिला, दोन शब्द बोलून टाकू? त्या शब्दांवर माझं बाळ उभं केलं होतं मी.”

‘दादा’ म्हणताना ती परत बोलीत आली होती, बहुतेक तिच्याही नकळत. मला धीर आला. मी तिचा हात धरला. मी म्हटलं की मला झोप लागत नाही, ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो, तू म्हणशील ते करतो, एकदा माफ केलं म्हण.

तिने हात सोडवला नाही, पण परतही धरला नाही. “माझ्यासमोर कशाला? फादरकडे जा. पापनिवेदन कर.”

“तुला माहीत आहे मी ते मानत नाही.”

“हो का?”

“खोटं कसं करू? परत खोटंच होईल ना ते?”

हे मी अगदी मनापासून बोललो होतो. मला वाटलं, निदान या वेळी तरी मी खरं बोललो आणि तिला ते पटेल.  तिने खांद्यावरचा दोरा काढला, जुडीला दोन वेढे दिले, गाठ मारली आणि ती टोपलीत टाकली.

“मग ठेव तुझ्याजवळच,” ती म्हणाली. “ते घ्यायला जो बसलाय त्याला तू मानत नाहीस, आणि मी घेणार नाही. मला इथे राहायचंय.”

सासू ओट्यावर आली होती आणि आमच्याकडे बघत उभी होती. बहिणीने पुढची जुडी घेतली. झोळीतलं बाळ कुरकुरलं, मी हात पुढे केला, तर तिने माझ्या आधी दोरी धरून झोळी हलवली. आमच्याकडे मळ्यात आलेल्या माणसाला भाजी दिल्याशिवाय कोणी जाऊ देत नाही, उन्हात पोस्टमन आला तरी चार मुळे पिशवीत पडतात. मी उठलो, थोडा वेळ उभा राहिलो. टोपली तिच्यापुढे भरलेली होती. तिने मान वर केली नाही, आणि मी स्कूटर सुरू केली.